भावशाचा खडक

कल्याण पश्चिम
१२ जानेवारी २०२५

भावेशदादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. वेरावळच्या वर्कशॉपचा पत्ता बाबांच्या पाकिटात होता. आई गेली तेव्हा तुला कळवायला वापरलेला, तोच. स्पीड पोस्टने पाठवतेय, म्हणजे पोचलं की नाही एवढं तरी मला दिसेल.

मी अजून त्याच पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर आहे. ऋतुराजची डोंबिवलीची नोकरी चालू आहे. बाबा कोलशेतलाच, एकटे. आम्ही नवराबायकोने आमच्याकडे राहायला या म्हटलं, तर म्हणतात तुमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे कपडे दिसतात, खाडी दिसत नाही. होडी अजून काढतात. रोज नाही, पण काढतात.

लिहायचं कारण वेगळं आहे. गावाच्या कडेने, खाडीला लागून, फिरायचा रस्ता होतोय. बाकं, दिवे, झाडं असं सगळं. त्यावर जागोजागी बोर्ड लागणार आहेत, समोर दिसणाऱ्या खडकाचं नाव काय आणि ते कसं पडलं. नावं गोळा करायला आर्यन म्हणून एकजण येतो, आर्किटेक्टच्या ऑफिसातला. बरा आहे. घाईत नसतो. गेल्या रविवारी त्याने समाजमंदिरात जुन्या लोकांना बोलावलेलं. मारुतीकाका आता गावकमिटीचा अध्यक्ष आहे, त्याने बाबांना सगळ्यांच्या पुढे बसवलं. मी बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला गेलेले, म्हणून मीही मागे बसले.

बाबांना मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. सुईण का म्हणतात, तर दोन खडकांच्या मधल्या फटीतून होडी काढायची म्हणजे बाळाचं डोकं काढण्यासारखं, आधी एक बाजू, मग दुसरी. तांदुळी का, तर कल्याणच्या बंदराकडे चाललेलं तांदळाचं गलबत कधीतरी तिथे फुटलं, आणि लोकांनी भिजलेला तांदूळ पाट्या भरभरून घरी नेला. सासू-सून तुला माहीत आहेत, भरतीला आधी सून बुडते. आर्यन विचारत होता, हे खरं की लोक सांगतात? बाबा म्हणाले, "खडकाला उगाच कोन नाव देत नाय. त्यानी काय दिला, नायतर काय घेतला, मगच नाव परतं."

मग आर्यनने विचारलं, "आणि समोर मधोमध जो आहे, अर्ध्या भरतीला बुडतो तो?"

बाबांनी मान खाली घातली. मग मागून कोणीतरी म्हणालं, "भावशा."

दादा, तुला हे माहीत आहे की नाही, मला माहीत नाही. तुमची होडी आपटून साईनाथ गेला त्या वर्षापासून गावात त्या खडकाला भावशा म्हणतात. आधी भावशाचा खडक म्हणायचे, आता नुसतं भावशा. भावशाच्या डावीकडून घे. भावशा उघडा पडला, म्हणजे ओहोटी लागली. आता विशीत असलेली मुलं असंच म्हणतात. भावशा नावाचा एक माणूस आहे आणि तो गुजरातमध्ये इंजिनं दुरुस्त करतो, हे त्यांच्यातल्या कितीजणांना माहीत असेल?

आर्यनला तर नक्कीच माहीत नव्हतं. तो लिहितालिहिता थांबला आणि म्हणाला, "म्हणजे मूळ शब्द भवेश असणार. भव आणि ईश. महादेवाचं नाव आहे ते. पाण्यातलं जुनं ठाणं असेल एखादं."

कोणी हसलं नाही. मारुतीकाकाने बाबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "असंल. लिही."

आणि त्याने लिहिलं.

परतताना रिक्षात मला आधी हसू येत होतं. मग घरी येऊन भाजी चिरायला बसले आणि चिरलेलीच भाजी पुन्हा चिरत राहिले. तुझं नाव बोर्डावर लागतंय दादा, देवाचं म्हणून. तुला कळवावंसं वाटलं.

तुझी
संचिता


कल्याण पश्चिम
३१ जानेवारी

दादा,

पत्र पोचलं. ट्रॅकिंगवर दिसतंय, सहीही आहे. उत्तराची वाट मी बघत नव्हते असं लिहिलं तर ते खोटं होईल.

इथे गोष्ट पुढे गेली आहे. मारुतीकाका सरळ माणूस आहे, त्याचं म्हणणं मी तुला नीट सांगते. तो रस्ता आपल्या होड्या लावायच्या जागेवरून जातोय. जाळी वाळवायचा कट्टाही त्यातच जाणार. गावाने चार अर्ज दिले, कोणी दाद दिली नाही. पण समोर देवाचं ठाणं असलं, तिथे वर्षातून एकदा होडीने पूजेला जायची पद्धत असली, तर होड्यांसाठी वाट सोडावी लागेल असं त्याला एका वकिलाने सांगितलंय. म्हणून मकर संक्रांतीनंतर चारपाच जण ओहोटीला गेले आणि त्यांनी खडकावर त्रिशूळ रोवला. भगवं निशाण लावलं. रंग इतका ताजा आहे की घोडबंदर रोडच्या उंच बिल्डिंगांमधूनसुद्धा दिसत असेल.

मारुतीकाका मला म्हणाला, "पोरी, तुज्या भावासाठी पन बराच हाय ना. माणसं विसरतील. अजून दहा वर्सांनी कोन विचारनार हाय?"

मला ते पटलं. खरंच पटलं. तुझ्याकडून काही नकोय, फक्त बाबांनी गप्प राहावं, एवढंच कमिटीचं म्हणणं आहे. बाबांकडून आधीचं नाव मिळालं असतं तर प्रश्नच नव्हता. मी विचारलं त्यांना, साईनाथच्या आधी त्या खडकाला काय म्हणायचे? म्हणाले, काहीच नाही. त्यावर कोणी आपटलंच नव्हतं, मग नाव कशाला लागतंय.

मीही त्या दिवसाचा विचार करते अधूनमधून. तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. धुकं होतं. मी धक्क्यावर होते, जाळ्यातली मासळी घ्यायला आलेल्या बायकांबरोबर. तुम्हा दोघांची होडी येताना आवाज आधी आला, मग तो आवाज थांबला. तुला एकट्याला पोहत येताना पाहिलं, तेव्हा मला वाटलं, साईनाथ दुसऱ्या बाजूने येत असेल. त्याने निळा स्वेटर घातलेला, कोपराला उसवलेला. मी शिवून देणार होते तो. म्हणजे त्याच्या आईने, भीमाकाकीने मला सांगितलेलं, शिवून दे म्हणून.

असो. लोकांना ते पटतंय, पटू दे. तू फक्त मध्ये पडू नकोस, आणि मी पण पडणार नाही.

संचिता


कल्याण पश्चिम
१६ फेब्रुवारी

दादा,

काल भीमाकाकी घरी आली.

साईनाथच्या आईला तू शेवटचं पाहिलंस तेव्हा ती बाजारात टोपली घेऊन बसायची आणि तिचा आवाज अर्ध्या गल्लीत ऐकू यायचा. आता ती बारीक झालीय. कोलशेतहून एकटी बसने ठाण्याला, तिथून कल्याणला, आणि स्टेशनवरून विचारत विचारत माझ्या बिल्डिंगखाली. पिशवीत माझ्यासाठी सुकट आणलेलं. ऋतुराजने दार उघडलं आणि तिला सोफ्यावर बसवलं, तर ती खाली लादीवर बसली.

ऋतुराज चहा करायला आत गेला. मला वाटलं ती त्रिशुळाबद्दल भांडणार. ती म्हणाली, "मना सकाली उठून दार उघरला का तो झेंडा दिसतं. मी कुनाला काय बोलली नाय. होरयांची जागा वाचत असंल तर वाचू दे."

मी म्हटलं, "काकी, तुम्हाला त्रास होत असेल तर मी मारुतीकाकाला सांगते."

"तरास मना आधीपासून हाय." मग बराच वेळ ती सुकटाच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिली. "त्या खडकाला तुज्या भावाचा नाव कोनी दिला, म्हाईत हाय तुला?"

मी म्हटलं, गावाने.

"गावानी नाय. मी दिला. साईनाथला धक्क्यावर ठेवला तवा मी वरडली. भावशानी मारला, भावशाच्या खडकावर मारला. दिवसभर तेच वरडत होती. दुसऱ्या दिवशी लोका तसाच बोलाय लागली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मंग वर्सभरानी माजा डोका शांत झाला. तवा वाटला, आपन काय बघितला? धुका होता. मी घरात होती. मंग मी त्याला साईनाथाचा खडक बोलाय लागली. तर शेजारची पोरगी मना सांगतं, आजी, त्याला भावशा बोलतात."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने बाजूला केला. रागाने नाही. तिला अजून बोलायचं होतं.

"तुजा भाऊस तेराव्याला निंगून गेला. पोलिसांना बोलला, खडक दिसला नाय. मना कायच बोलला नाय. त्याला लिव. मना भांडायचा नाय. तिथं काय झाला, तेवरा सांग म्हनावा. माजा पोरगा शेवटचा काय बोलला, तेवरा."

जाताना तिने ऋतुराजच्या डोक्यावर हात फिरवला आणि त्याला म्हणाली, तुझी बायको चांगली आहे. तो मला नंतर म्हणाला, "ही बाई एवढ्या लांबून तुझ्याकडे का आली? बाबांकडे का नाही गेली? ते तर तिच्या शेजारी राहतात." मी म्हटलं, बाबांशी त्या दिवसापासून बोलत नाही ती. हे खरं आहे. पण त्याने ज्या नजरेने विचारलं, त्याचं पुरतं उत्तर ते नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

मी तिचा निरोप लिहिला. आता माझंही लिहिते, कारण हे पत्र मी तिसऱ्यांदा फाडून लिहितेय. मलाही ऐकायचंय. तो शेवटचं काय बोलला ते.

संचिता


कोलशेत
९ मार्च

भावेश,

हे पत्र घरून लिहितेय, बाबांच्या खाटेशेजारी बसून. त्यांचं मनगट मोडलंय. प्लास्टर घातलंय. घाबरण्यासारखं नाही, पण वय झालंय आणि हात उजवा आहे.

कसं मोडलं ते सांगते. बोर्डांचा नमुना गावात लावलेला, सगळ्यांनी बघावा म्हणून. त्यावर लिहिलेलं, 'भवेश. प्राचीन शिवस्थान.' बाबांनी तो वाचून घेतला. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना बारीक अक्षर दिसतं. दुपारी ओहोटी लागल्यावर एकटे होडी घेऊन गेले, खडकावर चढले आणि त्रिशूळ उपटला. शेवाळावर पाय घसरला. तशा हाताने होडी परत आणली.

धक्क्यावर मारुतीकाका आणि दहाबारा जण उभे होते. मला हे शेजारच्या सुमतीवहिनीने सांगितलं. मारुतीकाका म्हणाला, "दामाजी, तू देवाला हात लावलास. आपल्या होरयांच्या जागंवर पानी सोरलास. कुनासाठी?"

बाबा म्हणाले, "तिथं पोर मेलंय. माज्या पोराच्या हातनं मेलंय. मी त्याला देव म्हनू?"

काल त्यांनी मला हेच पुन्हा सांगितलं, अगदी शांतपणे. ते म्हणाले, गावाने तुझ्या भावाचं नाव वाईट म्हणून घेतलं, तेव्हा ते मी रोज ऐकलं. खडकावरून जाताना रोज ऐकलं. आता चांगलं म्हणून घेतायत, ते ऐकवत नाही. मी विचारलं, बाबा, तुम्हाला काय वाटतं, त्याच्या हातून चूक झाली की अजून काही? ते म्हणाले, "त्यानी सांगितला तर कलंल ना."

गावात आता आपल्याशी कोणी बोलत नाही. सुमतीवहिनी मागच्या दाराने डबा देते. भीमाकाकी बघायला आली नाही, पण बाबा परत आले तेव्हा ती आपल्या दारात उभी होती आणि आत गेली नाही, असं वहिनी म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बैठक आहे, बोर्डावर काय लिहायचं ते ठरवायला. आर्यनचा फोन आलेला. त्याला कोणीतरी खरं सांगितलंय. त्याचा आवाज इतका पडलेला की मीच त्याला समजावलं, तुझा काय दोष. त्याने विचारलं, मग नाव कसं पडलं म्हणून लिहू? मी म्हटलं, मला माहीत नाही. आणि मला खरंच माहीत नाही, दादा. गावात कोणालाच माहीत नाही. एका माणसाला माहीत आहे आणि तो सही करून पत्रं घेतो आणि गप्प बसतो.

तू ये. बाबांसाठी ये असं मी लिहिणार होते, पण तसं नाही. मला तुला एक विचारायचंय. ते असं पत्रात लिहिता येणार नाही. ऋतुराज माझी पत्रं वाचत नाही, तरीही नाही लिहिता येणार.

संचिता


कल्याण पश्चिम
२० एप्रिल

दादा,

तू पोचलास हे बाबांना केलेल्या फोनवरून कळलं. त्यांना फोन करतोस, हे चांगलं आहे. मला करू नकोस इतक्यात. मी लिहीन.

तू बोलत होतास तेव्हा तुझी नजर खाली होती. ज्या गोष्टी तुला दिसल्या नाहीत, त्या लिहिण्यासाठी मी बसलेय. तू त्याच दिवशी संध्याकाळी निघून गेलास, तेव्हा पुढचंही तुला माहीत नाही.

बैठकीला तू येशील असं मला वाटलं नव्हतं. समाजमंदिराच्या दारात तू उभा राहिलास तेव्हा मारुतीकाका बोलत होता. त्याचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. मी तुला पटकन ओळखलं नाही. दाढी पांढरी, आणि उभं राहायची पद्धत बाबांची. तू बाबांकडे बघितलं नाहीस, माझ्याकडे नाही, सरळ भीमाकाकीसमोर जाऊन जमिनीवर बसलास. ती खुर्चीत होती. बाबा तेव्हा प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने घट्ट धरून बसलेले, एवढा घट्ट की मला वाटलं पुन्हा मोडेल.

तू म्हणालास, "काकी, मी खोटं बोललो. खडक दिसला होता."

मग तू जे सांगितलंस ते मी इथे लिहिते, कारण मला ते एकदा माझ्या हाताने लिहायचंय. साईनाथ पुढे बांबू घेऊन उभा होता, तू इंजिनवर. तो वळून म्हणाला की होळी झाली की मी तुझ्या बाबांना भेटायला येणार, संचितासाठी. वर्ष झालं आम्ही बोलतोय. तू म्हणालास की तुझ्या डोक्यात सणक गेली. तो माझ्यासाठी नको होता म्हणून नाही. तुझा तो लहानपणापासूनचा मित्र, रोज आपल्या घरी जेवणारा, आणि त्याने वर्षभर तुझ्यापासून लपवलं म्हणून. तू होडी खडकाकडे घेतलीस. लहानपणी तुम्ही एकमेकांना घाबरवायला घ्यायचात तशी, घासून काढायची म्हणून. तो ओरडला, डावीकडं घे. पुन्हा ओरडला.

"दोनदा ओरडला. मी दुसऱ्या हाकेला वळवली. पण पहिली ऐकू आली होती."

दादा, हे वाक्य मला आता लॅबमध्ये पावत्या फाडताना ऐकू येतं. लोक आपलं नाव सांगतात आणि मी त्यांना पुन्हा विचारते.

मारुतीकाकाने डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. बाबा उठून बाहेर गेले. तुला वाटलं असेल की ते रागाने गेले. ते बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडत होते, सुमतीवहिनी त्यांच्याजवळ होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना नक्की कशासाठी रडायचं ते कळलं असेल.

आणि भीमाकाकी. तू मान खाली घालून वाट बघत होतास, तिने मारावं, शिव्या द्याव्यात. ती तुझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. सगळी खोली मग माझ्याकडे बघायला लागली. ऋतुराज माझ्या शेजारी बसलेला. त्यानेही मान वळवली.

ती म्हणाली, "खरा हाय?"

मी म्हटलं, "हो काकी."

तू उठलास, बाबांजवळ गेलास तोवर त्यांनी डोळे पुसलेले, आणि थोड्या वेळाने तू रिक्षात बसलास. तुला मी हाक मारली नाही. मला जे विचारायचं होतं, त्याचं उत्तर सगळ्या गावासमोर मिळालं होतं. त्याने तुला माझ्याबद्दल सांगितलं होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की नसेल सांगितलं. की आमचं काहीच ठरलेलं नव्हतं, मीच ते मनात मोठं केलं. त्याने सांगितलं होतं. आणि सांगितलं म्हणून तो गेला. यातलं काय आधी मनाला लावून घ्यायचं, ते मला अजून कळत नाही.

बोर्डाचं सांगते. नाव भावशाच राहणार. तूच म्हणालास ना निघताना आर्यनला, की नाव बदलू नका. त्याने मला फोन करून विचारलं, खाली काय लिहू. मी त्याला सांगितलं ते असं: 'या खडकावर होडी आपटून साईनाथ हा कोलशेतचा तरुण बुडाला. होडी त्याचा मित्र भावेश चालवत होता.' त्याने विचारलं, अजून काही? मी म्हटलं नको. बाकीचं ज्यांचं आहे त्यांच्याकडे राहू दे.

होड्यांच्या जागेचं काही ठरलेलं नाही. सर्व्हे पुन्हा होणार म्हणतात. मारुतीकाका कमिटीची नवी माणसं घेऊन खेटे घालतोय. जागा गेली तर गाव आपल्याला माफ करणार नाही, आणि मला त्यांना दोष देता येणार नाही. तरी तो परवा बाबांचं प्लास्टर काढायला दवाखान्यात बरोबर गेला. बोलला नाही, पण गेला.

ऋतुराज पहिले तीन दिवस डबा न घेताच कामावर गेला. मग म्हणाला, "मला लग्नाआधी सांगितलं असतंस तर मी काय म्हणणार होतो?" मी म्हटलं, काही नाही म्हणाला असतास. मेलेल्या माणसाबद्दल कोण काय म्हणणार. तो म्हणाला, "मग माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता." तो चांगला आहे, दादा. मला चहा करून देतो. पण कप हातात देत नाही, ओट्यावर ठेवतो.

आता खरं ज्यासाठी हे पत्र आहे ते. बैठक झाली त्याच्या पुढच्या रविवारी मी बाबांकडे गेले, तर भीमाकाकी ओटीवर येऊन बसलेली. बाबांच्या ओटीवर, विचार कर. मला म्हणाली, चल. तिच्या घरी नेलं. साईनाथचा फोटो भिंतीवर आहे, हार प्लास्टिकचा. मला समोर बसवलं आणि विचारलं, "काय बोलायचा गं तुज्याशी?"

मला आधी कळलंच नाही. ती म्हणाली, "माज्या पोराचं जेवरा होता तेवरा माजा सगला आठवून झाला. नवीन काय नव्हता. तुज्याकडं हाय ना, जे मना म्हाईत नाय?"

तेव्हापासून दर रविवारी मी जाते. मी सांगते आणि ती ऐकते. त्याला शिट्टी वाजवता यायची नाही आणि तो वाजवायचा. त्याला इथे कल्याणजवळ मोहन्याला मामाकडे राहून गिरणीत... म्हणजे त्या रेयॉनच्या कारखान्यात लागायचं होतं, पण कारखाना बंद पडल्यावर तो नाद सुटला होता. मुलगी झाली तर तिला खाडीत पोहायला शिकवणार म्हणायचा. हे सांगताना मी लाजले, तर काकी म्हणाली, आता कशाला लाजतेस. एकदा ती हसली. नंतर तिने तोंडावर पदर धरला.

पण एक वर्षाचं किती असणार? तेही चोरून भेटलेलं, धक्क्यावर चार शब्द, जत्रेत एकदा. माझ्याकडचं संपत आलंय. गेल्या रविवारी तिने विचारलं आणि मला काहीच आठवेना, तेव्हा मी एक आठवण रचून सांगितली. तो मला म्हणाला होता की त्याच्या आईच्या हातच्या कोळंबीसारखी कोळंबी कुठे मिळत नाही. असं तो कधी म्हणाला नव्हता. तिने डोळे मिटले आणि मान हलवली. घरी येताना मला स्वतःचीच भीती वाटली. देवाचं ठाणं रचणारा गाव आणि मी, यात फरक किती उरला?

म्हणून लिहितेय. मी तुला माफ केलेलं नाही. पुढे करीन का, सांगता येत नाही. ते तू माझ्यावर सोड. पण तुझ्याकडे त्याची सगळी लहानपणापासूनची वर्षं आहेत, शाळेतली, जाळ्यावरची, तुम्ही दोघांनी खाल्लेल्या माराची. ती तुझ्याबरोबर वेरावळला कशाला ठेवायची? त्यातली एकेक गोष्ट लिही. खरी लिही, त्याने चोरी केली असेल तर तेही. माझ्या नावाने पाठवू नकोस. पाकिटावर लिही, भीमाबाई, कोलशेत गाव, धक्क्याजवळ. तिला वाचता येत नाही. रविवारी मी जाते, मी वाचून दाखवीन.

संचिता